पावणेनऊची बेरीज

संगणकाला दोन प्रकारे काम सांगता येते. एक म्हणजे समोर बसून आज्ञा द्यायची आणि ती पुरी होईपर्यंत वाट पाहायची. दुसरा प्रकार म्हणजे आज्ञा आत्ता लिहून ठेवायची आणि ती कधी पार पाडायची, ती वेळ सोबत द्यायची. त्या वेळी माणूस जागेवर असो वा नसो, संगणक ते काम उरकतो. बँकांचे रात्रीचे हिशोब, कार्यालयातील बॅकअप, ग्राहकांना जाणारे हप्त्यांचे स्मरणसंदेश आणि हवामान केंद्रांच्या नोंदींची बेरीज ही कामे दुसऱ्या प्रकाराने होतात. संगणकाच्या व्यवसायातले लोक याला ‘जॉब लावणे’ किंवा नुसतेच ‘शेड्यूल लावणे’ म्हणतात.

अशा कामांचेही दोन वर्ग आहेत. काही कामे एकदाच करायची असतात: आज रात्री दहा वाजता हा सर्व्हर बंद कर आणि विषय संपला. काही कामे ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येतात: दर दहा मिनिटांनी, रोज सकाळी, दर सोमवारी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला. दोन्ही वर्गांसाठी संगणकाच्या कार्यप्रणालीत एक छोटा प्रोग्राम सतत जागा ठेवलेला असतो. तो मिनिटामिनिटाला घड्याळ पाहतो, कामांची यादी पाहतो, आणि ज्या कामाची वेळ झाली असेल ते सुरू करून देतो. सुरू करून देणे एवढीच त्याची जबाबदारी असते. काम नीट पार पडले की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यातल्या बहुतेक याच मर्यादेतून येतात.

काम आधी सांगून नंतर करून घेण्याची पद्धत संगणकांच्या जगात बरीच जुनी आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला. त्या काळी वापरणाऱ्याने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, गठ्ठे रांगेत लागायचे आणि निकाल छापील कागदावर नंतर मिळायचा. त्या पद्धतीत रांग होती, पण घड्याळ नव्हते. घड्याळाशी जोडलेली व्यवस्था सर्वांच्या हाती आली ती ‘युनिक्स’ या कार्यप्रणालीमुळे. १९७९ च्या तिच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम होता. सगळ्या यंत्रासाठी कामांची एकच फाईल, आणि क्रॉन दर मिनिटाला ती वाचणार, इतका सरळ मामला होता. त्याच सुमारास अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची यादी ठेवता येईल असा क्रॉन तयार झाला. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली आवृत्ती पुढे इतकी पसरली की आजच्या असंख्य लिनक्स यंत्रांवर तिची किंवा तिच्या वंशजांची सत्ता आहे.

क्रॉनची यादी ज्या फाईलमध्ये असते तिला क्रॉनटॅब म्हणतात. एका ओळीत एक काम. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने असतात: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि आठवड्याचा वार. त्यापुढे प्रत्यक्ष आज्ञा. जिथे कोणतेही मूल्य चालेल तिथे तारांकन टाकायचे. हे समजून घ्यायला रत्नागिरीच्या पावसाचे उदाहरण सोयीचे आहे.

भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही. आदल्या दिवशी सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ या चोवीस तासांत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहिला जातो. रत्नागिरीच्या वेधशाळेचा जो आकडा वर्तमानपत्रांत येतो, तो असाच मोजलेला असतो. याशिवाय राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग ही केंद्रे ठरावीक अंतराने आपोआप नोंदवतात. एखाद्या कार्यालयाला अशा नोंदींवरून जिल्ह्यातील मंडळनिहाय पावसाचा रोजचा तक्ता काढायचा आहे असे समजू. बेरीज साडेआठच्या ठोक्याला करून भागणार नाही. पावसाळ्यात मोबाईलचे जाळे क्षीण झाले की दूरच्या केंद्राची शेवटची नोंद काही मिनिटे उशिरा पोचते. म्हणून पंधरा मिनिटांची सवड ठेवून काम पावणेनऊला लावायचे. क्रॉनटॅबमध्ये त्याची वेळ अशी लिहिली जाते:

४५ ८ * * *

म्हणजे आठ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, प्रत्येक तारखेला, प्रत्येक महिन्यात, कोणत्याही वारी. (प्रत्यक्ष संगणकावर हे आकडे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात.) फक्त पावसाळ्यात हवे असेल तर चौथ्या रकान्यात ६-९ लिहायचे, म्हणजे जून ते सप्टेंबर. दर दहा मिनिटांनी हवे असेल तर पहिल्या रकान्यात तारांकन, तिरकी रेघ आणि १०.

साडेआठला दिवस तोडण्याची ही निवड वाटते तितकी निरुपद्रवी नाही. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते आणि पंचनाम्यांच्या दृष्टीने त्याला महत्त्व येते. पहाटे सहा ते अकरा या वेळात सलग ८० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि साडेआठच्या रेषेवर त्याचे दोन सारखे भाग पडले, तर दोन्ही दिवशी ४०-४० लागतात आणि अतिवृष्टी एकाही दिवशी नोंदली जात नाही. यंत्राची चूक काहीच नसते. दिवस कुठे तोडायचा हे माणसाने ठरवलेले असते आणि वेळापत्रक ते निमूटपणे पाळते.

पाच रकान्यांत काही खाचखळगे आहेत. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर बहुतेकांना वाटते की दोन्ही अटी एकदम जुळायला हव्यात. तारखेच्या जागी १ आणि वाराच्या जागी १ लिहिणाऱ्याची अपेक्षा अशी असते की पहिली तारीख सोमवारी आली तरच काम व्हावे. क्रॉन मात्र दोन्हींपैकी एक अट जुळली तरी काम करतो, त्यामुळे पहिल्या तारखेलाही आणि शिवाय प्रत्येक सोमवारी काम होते. दुसरी अडचण महिनाअखेरीची. ‘शेवटचा दिवस’ असे लिहिण्याची सोय साध्या क्रॉनमध्ये नाही, कारण तो दिवस २८ पासून ३१ पर्यंत कुठेही असतो. जाणकार यातून सोपी वाट काढतात: महिन्याचा ताळेबंद शेवटच्या रात्री करण्याऐवजी पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला करायचा आणि बेरीज मागच्या महिन्याची घ्यायची. टक्क्याच्या चिन्हानेही अनेकांना पिडले आहे. क्रॉनटॅबमध्ये ते चिन्ह आले की आज्ञा तिथेच संपली असे धरले जाते, आणि फाईलच्या नावात तारीख घालण्यासाठी नेमके तेच चिन्ह लागते.

याहून मोठी मर्यादा पंचांगाची आहे. क्रॉनला फक्त इंग्रजी तारखा कळतात. कोकणात वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा प्रवास भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बांधलेला असतो, आणि ती २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे चतुर्थीच्या दिवसाची तिकिटे २०२५ साली २८ जूनला सकाळी आठला सुटली आणि २०२६ साठी ती तारीख १६ जुलै होते. रोज सकाळी आठ वाजता साठ दिवसांनंतरचा एक दिवस खुला करणे हा नियम पाच रकान्यांत सहज मावतो, कारण तो रोज तोच असतो. पण मुंबईतल्या चाकरमान्यांना चतुर्थीच्या आरक्षणाची आठवण करून देणारा संदेश लावायचा असेल तर नुसते रकाने निरुपयोगी ठरतात. चतुर्थीच्या तारखांचा तक्ता वेगळा ठेवावा लागतो आणि रोज एकदा तो तक्ता पाहून ‘आज साठावा दिवस आहे का’ हे तपासणारे काम लावावे लागते.

भरती-ओहोटीचेही तसेच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ‘रोज अमुक वाजता’ या भाषेत ती सांगताच येत नाही. इथे एकदाच करायच्या कामांची आज्ञा उपयोगी पडते. युनिक्स आणि लिनक्सवर तिचे नाव ‘ॲट’. तिला घड्याळातील वेळ देता येते, किंवा ‘आतापासून दोन तासांनी’ असेही सांगता येते. लागलेल्या कामांची रांग पाहण्यासाठी आणि नको असलेले काम काढून टाकण्यासाठी तिच्याच जोडीच्या वेगळ्या आज्ञा आहेत. भरतीसाठी दोन्ही प्रकार एकत्र वापरायचे: भरतीचा जो छापील तक्ता संगणकात भरून ठेवला असेल तो रोज पहाटे क्रॉनने वाचायचा आणि त्या दिवसाच्या प्रत्येक भरतीच्या तासभर आधी एक संदेश ॲटने लावून द्यायचा. ॲटचे एक भावंड ‘बॅच’ नावाचे आहे. त्याला वेळ द्यायचीच नसते. यंत्रावरचा कामाचा भार ठरावीक पातळीखाली आला की ते काम सुरू करते, म्हणून घाई नसलेल्या जड गणितांना ते सोयीचे.

वेळ लिहून झाली की ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न येतो. भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुतेक वेळा भारतीय वेळेवर चालत नाहीत, ते जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि ती भारताच्या साडेपाच तास मागे आहे. पावसाच्या नोंदीची साडेआठची वेळसुद्धा तिथूनच आली. भारतातले साडेआठ म्हणजे जागतिक वेळेचे तीन, आणि जगभरच्या वेधशाळा तीन-तीन तासांच्या ज्या ठरलेल्या वेळा पाळतात त्यांतली ही एक. तेव्हा पावणेनऊची बेरीज अशा सर्व्हरवर १५ ३ अशी लिहावी लागते. इथपर्यंत नुसती वजाबाकी आहे. फसगत होते ती पहिल्या तारखेच्या कामात. पहिल्या तारखेला रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी करायचे काम जागतिक वेळेत आदल्या संध्याकाळी ६.४० चे असते, म्हणजे मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे, आणि शेवटचा दिवस रकान्यात लिहिता येत नाही हे वर आलेच आहे. काही आवृत्त्यांत वेळपट्टा वेगळा सांगण्याची सोय असते. ती नसेल तर असे काम भारतीय वेळेनुसार सकाळी साडेपाचनंतर ठेवणे उत्तम.

भारतात उन्हाळी वेळेचा खेळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षे घड्याळे तासभर पुढे होती, आज मात्र ती वर्षभर तशीच असतात. परंतु अमेरिकेतील कंपनीचे सर्व्हर इथून सांभाळणाऱ्यांना तो भोगावा लागतो. तिथे मार्चमधील दुसऱ्या रविवारी रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जाते, म्हणून त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये उलटे होऊन रात्रीचा दीड दोनदा वाजतो. पहिल्या तासात लावलेले काम मार्चमध्ये चुकते आणि दुसऱ्यात लावलेले नोव्हेंबरमध्ये दोनदा होते. नवीन आवृत्त्या हे सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतात, पण महत्त्वाचे काम त्या तासांत न ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय. जुन्या ३२ बिटी यंत्रांपुढे आणखी एक तारीख उभी आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी त्यांचा सेकंदांचा मोजक भरतो आणि पुढच्या सेकंदाला वेळ १९०१ सालात जाऊन पडते. त्या दिवशीची पावणेनऊची बेरीज अशा यंत्रावर होणार नाही.

आता खरा कठीण भाग. ठरलेल्या वेळी यंत्र बंद असेल तर काय? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड भागांत कितीतरी दिवस वीज नव्हती. वादळ नसले तरी कोकणात पावसाळ्यातल्या रात्री वीज जाणे ही बातमी होत नाही. साध्या क्रॉनला भूतकाळ नसतो. मध्यरात्री यंत्र बंद होते आणि एक वाजता सुरू झाले, तर मध्यरात्रीचे काम गेले ते गेलेच, आणि त्याबद्दल कुठे ब्रही उमटत नाही. ही उणीव भरून काढायला ‘ॲनाक्रॉन’ आला. तो वेळ पाहत नाही, काम शेवटचे कधी झाले ती तारीख लिहून ठेवतो. यंत्र सुरू झाले की किती दिवस लोटले ते मोजतो आणि राहिलेले काम थोड्या विलंबाने उरकतो. लिनक्सच्या नव्या ‘सिस्टिमडी’ टायमरमध्ये आणि विंडोजच्या ‘टास्क शेड्यूलर’मध्येही चुकलेले काम शक्य तितक्या लवकर करण्याचा पर्याय आहे. विंडोजमध्ये तो स्वतः खूण करून निवडावा लागतो. तिथली आणखी एक गोष्ट लॅपटॉपवाल्यांना गोत्यात आणते: नवीन काम लावताना ‘विजेच्या जोडणीवर असतानाच चालव’ ही अट आधीच निवडलेली असते. वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, समोर सगळे व्यवस्थित दिसते आहे, आणि काम मात्र झालेले नाही.

चुकलेले काम मागाहून करणे योग्य की अयोग्य, हे मात्र कोणताही प्रोग्राम ठरवू शकत नाही. बॅकअप पाच रात्री चुकला तर वीज आल्यावर एकदा घेतला की पुरते, पाचदा घेण्यात अर्थ नाही. ठेवींवरच्या व्याजाचा दिवस पाच वेळा चुकला तर पाचही दिवसांचे हिशोब एकामागून एक, तारखेच्या क्रमानेच करावे लागतात. सकाळचा स्मरणसंदेश दुपारी चारला जाण्यापेक्षा न गेलेला बरा. तापमानाची नोंद या सगळ्यांहून निराळी, कारण ती मागाहून करताच येत नाही. साध्या पर्जन्यमापकातले पाणी निदान भांड्यात साचून राहते आणि दोन दिवसांची एकत्र बेरीज तरी हाती येते. काल दुपारचे तापमान आज मोजायला कुठून आणणार? आंब्याच्या हवामानाधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस, तापमानाचे चढ-उतार आणि वाऱ्याचा वेग यांच्या ठरवून दिलेल्या मर्यादांवर भरपाई अवलंबून असते. ज्या दुपारी पारा मर्यादेपलीकडे गेला त्याच दुपारची नोंद चुकली, तर बागायतदाराच्या दृष्टीने तो दिवस घडलाच नाही. म्हणून अशा केंद्रांना सौरऊर्जेवर भरणारी बॅटरी लागते आणि नोंद पाठवता आली नाही तरी ती केंद्रातच साठवून ठेवावी लागते. पाठवणे उशिरा चालते, मोजणे चालत नाही. वेळापत्रक आखणाऱ्याने ही दोन कामे कधीही एका आज्ञेत बांधू नयेत.

मागाहून काम करण्याची मुभा दिली की ते चुकून दोनदा होण्याची शक्यताही येते. काम दोनदा झाले तरी बिघडू नये अशीच त्याची रचना हवी. पावसाचा तक्ता त्या तारखेच्या नावाने लिहिला तर दुसऱ्यांदा केलेला पहिल्याची जागा घेतो. तोच आकडा मासिक बेरजेत थेट मिळवत गेले तर मात्र पाऊस दुप्पट होतो.

दोन फेऱ्या एकमेकींवर चढण्याचाही धोका असतो. दर दहा मिनिटांनी नोंदी गोळा करणारे काम एरवी एका मिनिटात संपते, पण जाळे मंद असताना त्याला पंधरा मिनिटे लागली तर पहिली फेरी चालू असतानाच दुसरी सुरू होते, मग तिसरी, आणि यंत्र गुदमरते. काम सुरू होताना एक कुलूप-फाईल धरायची आणि ती आधीच कोणी धरलेली असेल तर मुकाट्याने परतायचे, हा त्यावरचा रूढ उपाय. गर्दीचे दुसरे कारण मानवी सवय आहे. वेळ निवडताना माणूस रात्रीचे बारा किंवा तासाचा ठोका निवडतो, त्यामुळे सगळ्यांची कामे एकाच क्षणी उठतात. बारा वाजून सतरा मिनिटे ही वेळ विचित्र दिसते, पण त्या वेळी यंत्र मोकळे असते. मोठ्या व्यवस्था कामाच्या तुकड्या पाडून ही गर्दी विभागतात. बँकांची ‘नेफ्ट’ सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र सुरू झाली तेव्हा दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ गट ठरले. रत्नागिरीतल्या साळवी स्टॉपवरच्या दुकानदाराने पाठवलेले पैसे पुढच्या गटात बसतात आणि त्या गटाबरोबर जातात.

सर्वांत वाईट बिघाड तो, ज्याचा आवाज होत नाही. हाताने चालवून पाहिलेली आज्ञा क्रॉनमध्ये घातली की चालत नाही, हा अनुभव प्रत्येक नवशिक्याला येतो. माणूस आज्ञा देतो तेव्हा त्याच्या खात्यातील बऱ्याच मांडण्या तिच्या सोबत असतात: प्रोग्राम कुठे शोधायचे, कोणती भाषा, कोणता फोल्डर. क्रॉन जवळपास रिकाम्या हाताने काम सुरू करतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रामचा आणि फाईलचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. मराठीत काम करणाऱ्यांना याचा एक खास त्रास आहे. भाषेची मांडणी सोबत नसेल तर काही प्रोग्राम देवनागरी अक्षरे ओळखत नाहीत, आणि तक्त्यात ‘संगमेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते किंवा प्रोग्राम मध्येच थांबतो. चूक झाल्याचा मजकूर क्रॉन त्याच यंत्रावरच्या टपालपेटीत टाकतो आणि ती पेटी सहसा कोणीच उघडत नाही. कित्येक कार्यालयांना बॅकअप महिनोन्महिने रिकामा होता हे डिस्क बंद पडल्यावरच कळते. यावर उपाय उलट्या बाजूने करायचा: बिघाडाची सूचना येईल यावर विसंबण्याऐवजी काम झाल्याची सूचना रोज यायला हवी, आणि नऊ वाजेपर्यंत ती आली नाही तर दुसऱ्या यंत्राने ओरडायला हवे. त्याच यंत्राला हे काम देऊन उपयोग नाही, कारण यंत्रच बंद असेल तर ओरडणार कोण?

यादी हाताळतानाही जपावे लागते. क्रॉनटॅब दुरुस्त करायला उघडण्यासाठी ‘ई’ हे अक्षर आहे आणि संपूर्ण यादी पुसून टाकण्यासाठी ‘आर’. इंग्रजी कळफलकावर ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आहेत, आणि पुसण्यापूर्वी क्रॉन सहसा खात्री विचारत नाही. यादीची एक प्रत वेगळ्या फाईलमध्ये ठेवली असेल तर ती एका आज्ञेत परत बसवता येते. कामे कोणाच्या खात्यावर लागली आहेत, याचीही नोंद हवी. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद केले की त्यावर लागलेली कामे थांबू शकतात. पासवर्ड बदलला की विंडोजवर त्या पासवर्डने साठवलेले काम दुसऱ्या दिवसापासून अडते. उलट खाते तसेच राहिले तर कोणालाही नको असलेला अहवाल वर्षानुवर्षे तयार होत राहतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या वर, काम कशासाठी आहे, कोणी लावले आणि कधी काढून टाकायचे, हे शेऱ्याच्या रूपात लिहावे. ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह घातले की क्रॉन ती ओळ वाचत नाही.